वाढत्या अंगाचा चिलर

प्रिय सृष्टी,

दोन वर्षं तू फोनवर फक्त आईशी बोलतेस, म्हणून लिहितो आहे. फाडू नकोस. कागद फाडायचा मान आपल्या घरात माझ्याकडेच राहू दे.

विट्यात ऊन पेटलंय. घरात बसवत नाही, हातातलं पुस्तक पुढे सरकत नाही. सकाळपासून तीनदा दूध संघावर जाऊन आलो. दूध गार करणारा चिलर ते चार अंशांवर नेईना, नऊवरच अडतो. या आठवड्यात दोन टँकर आंबट म्हणून परत आले. आईचे गुडघे बरे आहेत. तुझा लिंब मोहरलाय.

दोन वर्षांपूर्वीची संघाची ती सर्वसाधारण सभा माझ्या डोक्यातून जात नाही. तू एका पानावर हिशोब मांडला होतास. आपल्या बोअरचं पाणी जड, न्हाणीतल्या बंबासारखा कंडेन्सरच्या नळ्यांतही क्षार धरणार, उष्णता बाहेर पडणार नाही, म्हणून कोऱ्या नळ्यांच्या आकड्यावर यंत्र निवडू नका, मोठं घ्या. आणि मी, संघाचा अध्यक्ष, माइकवरून गरजलो, "यंत्र म्हणजे काय पोर हाय, वाढत्या अंगाचं घ्यायला?" सभा खदखदली. मागून बाळासो ओरडला, "आबा, लय भारी!" तेवढ्यावर थांबलो नाही. तुझं पान सगळ्यांसमोर फाडलं. "मंजूर, मंजूर" झालं. जन्मभर व्यासपीठावरून अन्यायावर तुटून पडलो, आणि त्या दिवशी एका बरोबर गणितावर तुटून पडलो. संध्याकाळच्या साताऱ्याच्या एसटीत तू बसलीस, तेव्हा मी हार घालून घेत होतो.

काल चिलर चालवणाऱ्या आपल्या गुंडानं कंडेन्सरचं झाकण उघडून दाखवलं. नळ्यांत पांढरा थर, पेन्सिलसुद्धा आत जाईना. घासायला यंत्र दिवसभर बंद ठेवावं लागतं. मोठं असतं तर थर धरल्यावरही निम्म्या ताकदीवर भागलं असतं. हे आधीच पुरत नव्हतं. गुंडानं दोनदा सुट्टी मागितली, स्वतःसाठी नव्हे, यंत्रासाठी. दोन्ही वेळा मीच म्हणालो, "दूध थांबतंय व्हय रं?" तो परत यंत्राकडे गेला. थर वाढत गेला.

आता संचालकांना दोष टाकायला कुणीतरी हवा आहे. ऑपरेटरचा हलगर्जीपणा, असा ठराव लिहून तयार आहे. गुंडाची अकरा वर्षांची नोकरी जाईल. ठरावाचा मसुदा कुणाचा, हे विचारू नकोस. भाषा ओळखशील.

परवा दहाला बैठक आहे. तुझ्या त्या पानाची प्रत तुझ्याकडे असणार, तू काही टाकत नाहीस. ती हवी आहे. हे पत्र घेऊन गुंडाच येतो आहे. आत काय आहे हे त्याला माहीत नाही. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस, आणि काही सांगू नकोस. ते मीच सांगणार, तुला हसलो त्याच माइकवरून. या वेळी भाषण तयार केलेलं नाही. तुझं पान वाचीन आणि खाली बसेन.

तुझाच,
आबा