मनगटावरचा मोर

वर्षावहिनी,

भाजी झाकून ठेवली आहे, भाकरी तू टाकून घेजो. मी दारव्ह्याले मावशीकडे चालली. गोळ्या संगं घेतल्या, बंद नाही करत.

डॉक्टर सायबाले दाखवासाठी पायजे, म्हणून तू माह्या हातावरच्या चट्ट्याचा व्हिडिओ काढला होता. तो तुह्या ‘वर्षा सिस्टर’ पेजवर साऱ्या गावानं पाह्यला. तोंड दिसत नाही, पण मनगटावर मोर गोंदलेला हात गावात माह्या एकटीचाच आहे. काल वेचणीच्या बायांनी पाण्याची कॅन माह्यापासून उचलून दूर नेली.

कुष्ठरोग बरा होते, लपवू नका, घरच्या माणसाले सांगा, असं तू त्यात चांगलं समजावून राह्यली.

मी घरच्याच माणसाले सांगितलं होतं.

राखी