निस्तेज नावाचा फोल्डर

पंचवटी, नाशिक

प्रिय शेखर,

तुझा पेनड्राइव्ह पोचला. लोक घोटीहून तांदूळ पाठवतात, तू शेकडो ॲम्प पाठवलेस! सुधाने विचारलं, "एवढे ठेवणार कुठे?" गिटारच्या खऱ्या ॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, आवाजाची हुबेहूब डिजिटल प्रत काढतात, तिला कॅप्चर म्हणतात, गिटार लॅपटॉपला जोडली की झालं, असं मी तिला समजावलं. "म्हणजे फोटोतलं जेवण," म्हणून तिने पोळी उलटली.

पण काय रे ती नावं! 'फायनल', 'फायनल खरंच', 'ब्राइट नवा'. नामकरणाचा संस्कार तुम्हा गिटारवाल्यांत नाहीच. मी ठरवलं, त्रिगुणांप्रमाणे लावायचे. स्वच्छ आवाजाचे सात्त्विक, जरा करकरणारे राजस, गुरगुरणारे तामस. कॉलेजात तू वाजवायचास ते सगळं तामसमध्ये गेलं, राग मानू नकोस. वेदपाठशाळेत शिकवून आलो की हेडफोन लावून एकेक ऐकायचो. ज्यांच्यात धारच नाही, चादरीआडून आल्यासारखे वाटतात, त्यांच्यासाठी चौथा फोल्डर केला, 'निस्तेज'. आठवड्याभरात तो बाकी तिघांहून मोठा झाला. तुला शिव्या देणारा मेसेजही लिहून ठेवला होता.

तो पाठवण्याआधी संपदाने हेडफोन ओढून घेतला. तुझी ही पुतणी बापाला सोडत नाही. "बाबा, निस्तेज? हा तर कानाला टोचतोय! तुमच्या संहितेत चमचमीतला निस्तेज म्हणतात का?" मी हसलो. म्हटलं, तुमचे कोवळे कान, तुम्हाला वटवाघळंही ऐकू येत असतील. ती गेल्यावर हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडे. आवाजावरचं मळभ हेडफोनबरोबर सरकलं नाही. ते माझ्या डाव्या बाजूलाच राहिलं.

त्या दिवसापासून मी एकही कॅप्चर उघडलेलं नाही.

गिटारचं सोड, तो छंद आहे. पण माझी भाकरी कानावर आहे, शेखर. पाठशाळेत मुलं संथा म्हणतात, स्वर घसरला की मी मांडीवर बोट आपटतो, ती थांबतात. परवा एकाने स्वर खाल्ला की मीच, हे मला ठरवता येईना. बोट वर धरून बसून राहिलो. मुलं माझ्याकडे बघत होती. शेवटी मान डोलावली. ती चूक असेल, तर तो पोरगा ती जन्मभर शुद्ध समजून म्हणेल, आणि पुढच्यांना शिकवेल. आता वर्गात मुलांना उजवीकडे बसवतो. वारा लागतो असं कारण सांगितलंय. पंख्यालाही हसू येत असेल.

सुधाला सांगितलं नाही. ती रडणार नाही, शांतपणे ऐकून घेईल, आणि मला तिच्या त्या शांतपणाचीच धास्ती आहे.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोस. हल्ली फोनवर मी अंदाजाने हो-हो म्हणतो, म्हणून. गंगापूर रोडला कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा चपला काढून, परत घालून घरी आलो. सोमवारची वेळ घेतली आहे. तू ये. हात धरून आत ने. ते काय सांगतील ते आधी तू ऐक, आणि बाहेर आल्यावर माझ्या उजव्या बाजूला बसून, सावकाश, मला सांग.

तुझाच,
वेणीमाधव