शेवटची रेघ

बुधवार, संध्याकाळ

मंडळी, आज इथे लिहायला उशीर झाला, माफी असावी.

हिच्या गुडघ्यांसाठी खजरान्याच्या गणपतीला गेलो होतो. नवस बोलताना तिथे मंदिरामागच्या भिंतीवर कुंकवाने उलटं स्वस्तिक काढतात. मी काढत असतानाच ही मागे चक्कर येऊन पडली. आणि लोक काय म्हणाले? "आंटीजी को साइड में करो भिया, हमें भी बनाना है." सगळे देवाकडे मागायला आलेले, खाली वाकायला कुणी तयार नाही. एका हारवालीने तेवढं दुकान सोडून हिचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात शीलापुढे, लेकीपुढे, त्या सगळ्यांना शिव्या घातल्या. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे होतात?"

कुठे होतो? हारवाली ओरडली होती, "बाबूजी, पहले इनको देखो!" ऐकलं होतं मी. तरी शेवटची रेघ ओढूनच वळलो. अर्धवट राहिलं तर नवस फुकट जाईल, असं वाटलं. रेघ मेली सरळ आली.

शीलाने मला घरी पाठवलं. ही दवाखान्यातच आहे, अजून बोलत नाही. शीला, तूही हे वाचशीलच; रागाव हवं तर, पण आई बोलली का, एवढं लवकर कळव.