पाय कोणाचे धुतात

१ एप्रिल १९९९, गुरुवार
रूथनं त्या माणसाचा पाय टॉवेलात धरून पुसला, तेव्हाच माझं सगळं बदललं. त्याच्या आधीचा मी वेगळा होतो.
पास्टरच्या हॉलची खिडकी अर्धी उघडी. आत एकच खुर्ची दिसत होती. खुर्चीत पास्टरकडे नुकताच पाहुणा आलेला तो जहाजवाला, पँट दुमडून. समोर पास्टर स्वतः गुडघ्यावर, पितळी गंजातलं पाणी ओतत. शेजारी त्यांची पोरगी, माझी रूथ. (माझी?)
आपल्याकडे पाय कोणाचे धुतात? नवरदेवाचे. अन् पोरीचा बाप धुतो. ताईच्या लग्नात बाबांनी जावयाचे धुतले तेव्हा परात मीच धरली होती. मला कोणी शिकवू नये.
पुढचं पाहायला थांबलो नाही.

२ एप्रिल
झोप नाही.
लोक म्हणतात पास्टर देवमाणूस. आधी आंध्रात बंदरावर होते, जहाजावरच्या लोकांची सेवा करायचे. मग इथं कोरपन्याला आले. सिमेंट फॅक्टरीच्या गेटवर ट्रकवाले लोडिंगसाठी दिवसच्या दिवस पडून राहतात, त्यांच्यासाठी हॉल काढला. थंड पाणी, कॅरम, मलमपट्टी, प्रार्थना. "हे पण बंदरच आहे, विनोद. फक्त पाणी नाही." गोड बोलणं. मग त्यांचा बंदरावरचा ओळखीचा पोरगा नेमका आताच कसा उगवला? सुट्टी म्हणे. सुट्टीत माणूस घरी जातो, का कोरपन्याला येतो?
मी समोरच मामाच्या एसटीडी बूथवर बसतो. कॉलेज अर्ध्यात सोडलं. घरच्यांना वाटतं केमिस्ट्रीला भ्यालो. खरं कारण रोज दुपारी बाटलीत थंड पाणी आणून ठेवतं. रूथ सगळ्यांनाच ठेवते का, ते अजून कळलं नाही.
आज पाणी नाही. पांढरी साडी, तोंड उतरलेलं. हाक मारली तर म्हणे, "आज नको बोलू विन्या. आज शुक्रवार हाय."
शुक्रवार तर दर हप्त्याले येते!
संध्याकाळी टपरीवर डोकं फिरलं. सगळे हमाल बसले होते. मोठ्यानं बोललो, "पास्टरनं पोरगी जहाजवाल्याले देल्ली. पाय धुतले त्याचे. म्या डोळ्यानं पाह्यलं."

३ एप्रिल
रफीकभाऊ बूथवर आले. चंद्रपूरचे, जुने ड्रायव्हर, हॉलमध्ये कॅरम खेळायला असतात. पोट धरून हसले.
"अबे येड्या, माहेबी धुतले ना पाय! जेवढे ड्रायव्हर होते तेवढ्यायचे धुतले. येशूनं आपल्या चेल्यायचे धुतले होते म्हणते, त्याची याद. मंग माहाबी निकाह लावतं का? घरी बायको उभी जाळंन मले."
"पुसले कोणं?"
"पोरीनंच."
"जहाजवाल्याएवढाच येळ पुसले?"
रफीकभाऊंचं हसू गेलं. "तुले इलाज नाई बे."
काल टपरीवर हे असते तर! हमाल हॉलची पायरी चढत नाहीत, त्यांना काय ठाऊक. आता ते पास्टरांना रस्त्यात अडवून "पेढे कुठी हाय?" विचारून राह्यले.

५ एप्रिल
जहाजवाला बूथवर. आईला फोन. सगळं तेलुगूत, पण एक शब्द मला येतो. इकडं आंध्राच्या सीमेवर सगळ्यांनाच येतो. पेळ्ळी. लग्न. पुन्हा पुन्हा पेळ्ळी.
बाहेर येऊन मलाच म्हणतो, "भैया, मैं तो बस पास्टर अण्णा से मिलने आया था. यहाँ हर आदमी बधाई दे रहा है. कल से सोच रहा हूँ, प्रभु कुछ कहना चाहता है क्या?"
प्रभू नाही, मी बोललो होतो ते! पण सांगायचं कसं? अन् एवढा भोळा माणूस असतो का कुठे? जहाजावर राहून? आधीच ठरलं असेल, माझं नुसतं निमित्त.
मामा म्हणे, "पोरगा चांगला हाय." मामालाही फोडला.

७ एप्रिल
पास्टरांनी हॉलमध्ये बोलावलं. जहाजवाला बसलेला. रूथ भिंतीला टेकून. रफीकभाऊ कॅरमच्या सोंगट्या उगाच लावत होते.
पास्टर म्हणाले, "याच्या घरून विचारणा आली आहे. मी होकार दिला नाही, नकारही नाही. पण ही गोष्ट गावात तुझ्या तोंडून निघाली. तुझ्या मनात काय आहे ते आधी सांग. मग मी मुलीला विचारीन."
माझ्यासमोर? हे काय नवीन? खरं बोललो तर म्हणतील, आधी आमच्या धर्मात ये. नाही तर याच्यासमोर नुसती फजिती. काहीतरी डाव होता. रूथकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना.
"बोल ना," ती म्हणाली. "टपरीवर त लय जोर आल्ता."
रफीकभाऊ हळूच, "बोल बे, बोल."
जिभेवर आलं होतं. अगदी आलं होतं. मग तो जहाजवाला माझ्याकडे पाहून हसला. चांगला हसला का वाईट, कोणाला माहीत.
"मले काऊन विचारता? तुमचं त ठरलंच हाय."
"कोणं ठरवलं?" रूथ.
मी उठलो. खुर्ची पडली, उचलली नाही. "विन्या, कोणं ठरवलं?" ती भिंतीपासून सुटून पुढं आली होती. माझ्याकडे का त्याच्याकडे, ते पाहिलं नाही. बाहेर आलो अन् मागं दार लावून घेतलं.