सात साक्षीदार

सोमवार, ३ मार्च

आक्काच्या आठवणींच्या पुस्तिकेतील पान अकरा सपशेल चूक आहे! ती लिहिते, ‘मी चौदा तारखेला संध्याकाळी पोहोचले. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.’ पोहोचली कशी? गावाकडे जाणाऱ्या एकुलत्या एक पुलाला तडा गेला आणि तो चौदा तारखेला सकाळीच बंद झाला. तार मिळताच निघालेला मीदेखील नावेने सोळा तारखेला पोहोचलो, आणि आक्का माझ्यानंतर, पिशवी घेऊन दारातून आत आली — हे मी स्वतः पाहिले आहे. आईजवळ आम्हा दोघांपैकी कोणीच नव्हते. आईला जाऊन बेचाळीस वर्षे झाली म्हणून पुलाची तारीख हलते का?

पुस्तिका शुक्रवारी छपाईला जायची आहे. मुद्रिते तपासायला तिने मलाच दिली. छत्तीस वर्षे तोच धंदा केला. आतापर्यंत शुद्धलेखनाच्या चुका चौसष्ट. मजेत चाललो आहे.

मंगळवार, ४ मार्च

सूनबाईंनी नवी विद्या शिकवली. “बाबा, एकेका ठिकाणी कशाला शोधत बसता? इथे एकदाच लिहा, सात शोधयंत्रं एकदम कामाला लागतात.” ‘पूल चौदा तारखेला सकाळीच बंद झाला; खरे ना?’ एवढा प्रश्न लिहायला मला वीस मिनिटे लागली. “अर्धविराम कशाला? ते यंत्र आहे, परीक्षक नाही!” दिला तरीही. आपण आपली पातळी सोडू नये.

सातही यंत्रांचे एकच उत्तर — चौदा! लगेच आक्काला फोन केला.

“सात साक्षीदार आहेत, आक्का!”

“असू दे रे. तुझंच खरं. ते पान काढून टाक.”

संपूर्ण विजय. रात्री जेवण गेले नाही. वयोमानाने असेल.

बुधवार, ५ मार्च

पान अकरावर तांबडी रेघ मारली. नेहमी माझी रेघ पट्टीशिवायही सरळ येते.

गुरुवार, ६ मार्च

पुस्तिकेत तळटीप द्यावी, वाचकांना आधार कळावा, म्हणून सातही पाने उघडली. मजकूर शब्दशः एकच! सुबक वाक्यरचना, प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी. भाषा इतकी निर्दोष पाहून मी खूश झालो. खरे तर तिथेच संशय यायला हवा होता. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘वाचकांच्या पत्रव्यवहारातून’, आणि त्यापुढे माझे नाव. पंधरा वर्षांपूर्वी पुलाविषयी वर्तमानपत्राला मीच पाठवलेले पत्र! कोणीतरी ते उतरवून घेतले, बाकीच्यांनी त्याच्यावरून.

सात साक्षीदार, आणि सातही मीच. शिवाय त्यांना बोलावून आणणाराही मीच!

सूनबाई हसू दाबत म्हणाल्या, “बाबा, आता उत्तर न सांगता विचारू या.” पाच मिनिटांत रस्ते खात्याची जुनी सूचना निघाली. पूल बंद: पंधरा तारीख, दुपारी बारा.

पुन्हा फोन. “मग सोळाला तू पिशवी घेऊन कुठून आलीस?”

“अरे वेड्या, तुला दुसरी तार करायला पोस्टात गेले होते. परत येते तर तू ओसरीत बसलेला.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू कुणाला वाक्य पुरं करू देतोस?”

शुक्रवार, ७ मार्च

पान अकरा जसेच्या तसे छापावे, असे छापखान्याला कळवले. पुढील तारखा इथे दुरुस्त करतो.

१३ — पहिली तार मिळाली. निघालो नाही. एका ग्रंथाची अखेरची मुद्रिते हातात होती.

१४ — पूल दिवसभर उघडा. आक्का संध्याकाळी पोहोचली. मीही पोहोचू शकलो असतो.

१५ — पहाटे आई गेली. दुपारी पूल बंद. मी संध्याकाळी निघालो.

१६ — मी पोहोचलो.

पहिली तार माझ्या शब्दकोशात आहे, तारखेसकट. ती मला कधीच शोधावी लागली नव्हती.