कापड विकणाऱ्याची साक्ष

अण्णा, या आठवड्याचा माझा लेख तुमच्यामुळे अडला आहे. विषय जुनाच आहे. परदेशात एक प्रवासी विमान बॉम्बनं आकाशातच फुटलं, एका लहानशा गावावर कोसळलं, आतले सगळे आणि गावातलेही काही लोक गेले. तुम्हाला ते माहीत होतं, कारण त्या खटल्याच्या निकालाची बातमी तुम्ही दुकानात बसून दोनदा वाचली होती. आता त्याच प्रकरणात आणखी एकावर खटला उभा राहतो आहे. म्हणून संपादक म्हणाले, जुन्या निकालाबद्दल लोक शंका का घेतात ते सोप्या भाषेत लिहा. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिच्यात कपडे होते, त्यांच्या चिंध्यांवरून तपास एका बेटावरच्या दुकानापर्यंत गेला, आणि ते कपडे कोणी नेले याची साक्ष त्या दुकानदारानं दिली. इथपर्यंत मी सरळ लिहीत गेलो. दुकानदारापाशी येऊन थांबलो. तो परका माणूस काही डोळ्यांपुढे येईना. हिंगोलीच्या बाजारातल्या आपल्या दुकानात, गादीवर, मांडीवर कापड मोजायचा लोखंडी मीटर आडवा ठेवून बसलेले तुम्हीच दिसत राहिलात.

निकाल लागला तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकात होतो. ती बातमी माझ्याच हातून गेली होती आणि मथळाही माझा होता. सुट्टीला घरी आलो तेव्हा बापापुढे थोडी शेखी मिरवावी म्हणून तो अंक दुकानात घेऊन आलो. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. शेजारचे भांडीवाले चाचा तुमच्याकडे पान खायला येऊन बसले होते. तुम्ही बातमी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"ह्या दुकानदाराला पोलिसांनी कधी विचारलं?"

"कपडे विकल्यावर बऱ्याच महिन्यांनी."

"अन् तेवढ्या दिवसांत त्याच्या दुकानात एकच गिऱ्हाईक आलं व्हतं काय?"

"अण्णा, कोर्टानं सगळं तपासलंय. एक नाही, तीन न्यायाधीश होते."

"हुशारच असतील. पण तिघांतल्या एकानं तरी कापड विकलंय का?"

चाचा पान सावरत म्हणाले, "इनकू हायकोर्ट में बिठाव, सब वकीलां भूके मरते." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, "तुला मोरपंखीचं आठवतं का?"

आठवत होतं. मी कॉलेजात होतो, तुम्ही जेवायला घरी गेला होता आणि गादीवर मी होतो. हट्टा गावची एक बाई मोरपंखी ब्लाउजपीस मागत आली. तो रंग संपला होता. मी म्हणालो, नाही. ती गेली. पायरीवर तुमची-तिची गाठ पडली आणि तुम्ही आत येऊन मला जे बोललात ते बाजाराच्या निम्म्या गल्लीनं ऐकलं. "न्हाई म्हणायला दुकान कशाला लागतं? घरी बसून बी म्हणता येतं की! मोरपंखी न्हाई तर त्याच्या जवळचा काढ. फिरोजी काढ, हिरवा काढ, उजेडात धरून दाखव. चालतंय हे गिऱ्हाईक आपल्याच तोंडानं म्हणतं." मी ते धंद्याचं शहाणपण समजून लक्षात ठेवलं होतं. त्या दुपारी, तो अंक मांडीवर ठेवून, तुम्ही त्याला दुसरी बाजू जोडलीत. "पोलीस बी गिऱ्हाईकच असतं, लेका. ते समोर फोटो मांडतं अन् म्हणतं, सांगा, यातला कोण? आपल्या जिभेला न्हाई म्हणायची सवयच न्हाई. आपण जवळचा काढून देतो."

तुम्ही कोणाबद्दल बोलत होता ते मला लगेच कळलं. मी शिकायला बाहेर असताना एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. मोटार फोडून काढलेल्या तांब्याच्या तारा कोऱ्या शर्टिंगच्या तुकड्यात बांधलेल्या सापडल्या. हवालदार तो तुकडा घेऊन तुमच्याकडे आला. निळ्या रेघांचं कापड. तुम्ही किनार बोटावर फिरवलीत आणि सांगितलंत, माझ्याच दुकानातलं, इचलकरंजीचा तागा. त्यात तुमची चूक झाली नसणार. कापड तुम्ही अंधारात हात लावून ओळखायचात. मग त्यानं विचारलं, नेलं कोणी? तुम्ही म्हणालात, असेल एखादा मेंढरंवाला. दोन दिवसांनी जीप दारात उभी राहिली. हवालदार आत बसून जबाब लिहीत होता, जीपमध्ये पकडून आणलेला एक मेंढरंवाला होता. आठवड्यानं तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली, रांगेत सात-आठजण उभे होते, आणि तुम्ही बोट दाखवलंत. कोर्टातही तेच सांगितलंत. त्याला दीड वर्षाची सजा झाली.

बेटावरच्या त्या दुकानदारानं म्हणे परेडच्या आधी आरोपीचा फोटो एका मासिकात पाहिला होता. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. तो आधीपासून 'याच्यासारखा दिसतो' असं म्हणत होता, आणि 'सारखा' या शब्दावर एक माणूस तुरुंगात गेला. त्या गिऱ्हाइकानं छत्रीही घेतली होती, म्हणून त्या दिवशी त्या बेटावर पाऊस पडला होता का, किती पडला होता, यावर वकील भांडले. तुम्हाला हे फार आवडलं असतं. तुम्ही विचारलं असतं, छत्री कोणत्या रंगाची? नंतर एका चौकशी मंडळालाही निकालात अन्याय झाला असेल असं वाटलं, अपिलं झाली, शिक्षा मात्र कायम राहिली. तो माणूस आजारी म्हणून सुटला आणि आपल्या देशात जाऊन मेला. तो निर्दोष होता का, मला माहीत नाही. मला वेगळंच विचारावंसं वाटतं. सुटल्यावर तो त्या दुकानात जाऊन उभा राहिला असता, तर दुकानदारानं त्याला ओळखलं असतं का?

कारण आपल्या दुकानात ते घडलं आणि मी तिथं होतो. निकालाच्या काही वर्षं आधीची लग्नसराई होती. कनेरगाव नाक्याकडची माणसं बस्त्याला आली होती, दोन्हीकडची मिळून पंधरा-सोळा. दोन तास गादीवर लुगड्यांचे ढीग लागले. वरमाईला एकही रंग पसंत पडेना. नवरीचा बाप भिंतीला टेकून गप्प बसला होता. तुम्ही त्याची चेष्टा केलीत. "पाव्हणं, तुमी काहून बोलून नाही राहिले? पोरगी तुमचीच हाय ना?" सगळे हसले, तोही हसला. गठ्ठा बांधून झाला, त्यावर हळदीकुंकू वाहिलं, बाया उठल्या. तेव्हा तो पुढे आला.

"शेठ, ओळखलं न्हाई मला?"

"तुमाला न ओळखून कसं जमंल? दरसाल येता की."

"दरसाल न्हाई. ह्या गादीवर आज पयल्यांदा बसलो. मागं आलो व्हतो ते जीपमंदी. तुमी चहा पाठवला व्हता बाहेर."

तुमच्या हातातली कात्री तशीच राहिली. तो पुढे म्हणाला, मोटार गेली तेव्हा मी मेंढरं घेऊन पैनगंगेच्या पल्याड व्हतो, पण तकलीफ तुमाला कशाला सांगू, आज लेकीचं काम हाय. गठ्ठा खांद्यावर टाकला आणि माणसांमागून गेला. आवाजात राग नव्हता. मला आजही कोडं आहे की तो आपल्याच दुकानात का आला. बस्त्याचं दुकान वराकडचे ठरवतात म्हणून नाइलाजानं, की दोन तास तुमच्या समोर बसून काहीतरी बघून घ्यायचं होतं? तुम्ही त्या संध्याकाळी एवढंच म्हणालात, "परेडीत मी त्याला वळखलं ते जीपमुळं. चहा पेताना बघितलेलं तोंड. दुकानात म्या त्याला कधी बघितलंच न्हाई."

निकालाच्या बातमीच्या त्या दुपारी, चाचा उठून गेल्यावर, तुम्ही मला काम सांगितलंत. "तू पेपरात हायेस. लिही की, हिंगोलीच्या एका दुकानदारानं भलत्यालाच वळखलं. माझं नाव टाक. त्या माणसाचं बी टाक, म्हंजे त्याच्या गावात लोक वाचतील." मी म्हणालो, अण्णा, असं छापत नाहीत. मग म्हणालो, शपथेवर दिलेली साक्ष आता फिरवली तर तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. हे दुसरं खरं असेल, पहिलं खरं नव्हतं. आपल्या घराचं नाव जाईल याची मला भीती होती. तुम्ही अंकाची घडी केलीत आणि म्हणालात, "मंग छापता तरी काय तुमी?" त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

परवा, मंगळवारी, लेख बाजूला ठेवून मी कनेरगाव नाक्याला गेलो. ढाब्यावर विचारत विचारत आतल्या गावात पोचलो. तो चार वर्षांपूर्वी वारला. त्याची लेक, तेव्हाची नवरी, आता माहेरच्याच गावात राहून बापाची जमीन करते. पन्नाशीची असेल. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. माझ्या गळ्यातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "पेपरवाले का? आमच्याकडं काहून?" मी बसलो. मी न विचारताच ती बोलायला लागली. गावात आजही मोटारचोराचं घर म्हणतात. मुलाची सोयरीक दोनदा जमत आली आणि दोन्ही वेळा कोणीतरी जाऊन आजोबाची गोष्ट सांगितली. "बाप मरंस्तवर म्हनत व्हता, चोरीच्या आधी म्या त्या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता. पण कोर्टाचं खरं का मेंढरंवाल्याचं?"

तुमचं ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं, अण्णा. दुकानात त्याला कधी बघितलंच नाही. त्यानं चोरी केली की नाही हे ना तुम्हाला माहीत होतं, ना मला. पण एवढं नक्की माहीत होतं, आणि ते सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे. तिच्या मुलासाठी ते पुरलं असतं की नाही, कोण जाणे. तिनं पुन्हा विचारलं, "कोन्या कामानं आले तुमी?"

मी म्हणालो, "हिंगोलीला आमचं कापडाचं दुकान होतं. तुमचे वडील आमचं जुनं गिऱ्हाईक. इकडं आलो होतो, म्हटलं भेटावं."

कोणतं दुकान ते तिनं विचारलंच नाही, तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "व्हय का? बरं झालं बाई. बापाचं नाव कोणीतरी चांगल्यानं काढलं."

मी मान हलवली आणि उठलो. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच इतकं तरी लिहिता आलं.