परवानगी कोणाची लागते

जळगाव जामोद
२४ ऑगस्ट १९७५

प्रिय रंगराव,

तुझं आंतरदेशीय परवा मिळालं. तेरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तुझ्या शारदावहिनीनं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि न उघडताच ते मला दुकानी आणून दिलं. तू तब्येतीची चौकशी केलीस, पाऊसपाण्याचं विचारलंस आणि शेवटच्या ओळीत 'झालं गेलं विसरून जावं' असं लिहिलंस. तब्येत ठीक आहे. बसस्टँडजवळचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालतं. एप्रिलात आपल्या देशाचा पहिला उपग्रह वर गेल्याची बातमी लागली, तेव्हा दुकानात दहा-बारा माणसं उभी होती. पुंजाजी जमादारही होता, आता पेन्शनीत निघालेला. माझ्या घराची झडती घ्यायला आलेला तोच. म्हणाला, "मास्तर, आता तं सरकारनंच सोडला. तुमची काय चूक होती मंग?" मी त्याला चहा पाजला. त्या बिचाऱ्याला काय सांगणार?

बासष्टच्या जानेवारीतली गोष्ट तू विसरला नसशील. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी घरी बांधलेला छोटासा उपग्रह सरकारी रॉकेटवरून वर गेला, ही बातमी मी सहावीच्या वर्गात वाचून दाखवली. तुझी कोकिळा पहिल्या बाकावर बसायची. ती उठली आणि म्हणाली, "गुरुजी, आपल्याले सोडता येते का? परवानगी कोणाची लागते?" मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हणालो. मास्तरनं दुसरं काय करायचं असतं?

दिल्लीला विचारणा करणारं ते पत्र आपण दोघांनी तुझ्या खोलीत बसून लिहिलं. खाजगी माणसाला किंवा शाळेला उपग्रह सोडता येतो का, अर्ज कोणत्या खात्याकडे करायचा, त्यातल्या बिनतारी यंत्राला वेगळं लायसन लागतं का. तू हसून बेजार झालास. "बे भालचंद्रा, तुझा उपग्रह सातपुड्यात पडला तं पंचनामा कोन करीन?" मी तोही प्रश्न चौथा म्हणून घातला, कारण तो खरोखरच चांगला होता. हेडमास्तर म्हणून शिक्का तू मारलास. जावक बहीत नोंदही तूच तुझ्या हातानं केलीस.

असे नियम दिल्लीत कोणाकडेच नव्हते. 'नियम नाहीत' एवढं एका कार्डावर कळवलं असतं, तरी मी वर्गात तेच सांगून मोकळा झालो असतो. पण पत्र एका कचेरीतून दुसरीत फिरत राहिलं आणि प्रत्येक टेबलावर एक शेरा वाढत गेला. मी नियम विचारले होते. बुलढाण्याला कागद पोचला तोवर मी 'विनापरवाना उपग्रह सोडण्याच्या तयारीतला इसम' झालो होतो. त्यात ऑक्टोबरात चीनची लढाई सुरू झाली. नोव्हेंबरात पोलिसांनी माझा अर्धवट रेडिओ, जगाचा नकाशा आणि मुलांच्या प्रयोगवह्या नेल्या. रेडिओचं लायसन दाखवलं, तर फौजदार म्हणाले, हे ऐकायचं आहे, पाठवायचं कुठे आहे?

तरीही मला भीती वाटली नाही. तू होतास ना. चौकशीच्या दिवशी फौजदारांनी तुझा जबाब मला वाचून दाखवला. 'सदर पत्राची मला माहिती नाही. शिक्का माझ्या गैरहजेरीत टेबलावरून घेतला असावा.' मी जावक बही मागवली. बही आली, त्यात जानेवारीचं ते पान नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं, तू खिडकीबाहेर पाहत होतास. शाळेनं मला काढलं ते पत्रासाठी नव्हे, शिक्क्याच्या चोरीसाठी. त्यानंतर कोणत्याच शाळेनं मला दारात उभं केलं नाही. चौकशीत मी कोकिळाचं नाव काढलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला फौजदारानं प्रश्न विचारावेत, हे माझ्यानं पाहवलं नसतं. तू तिच्याचसाठी घाबरला असशील, असं शारदा पुष्कळ दिवस म्हणायची. पुढे तिनंही ते म्हणणं सोडलं.

तुझी बुलढाण्याला बदली होईपर्यंत कोकिळा शाळा सुटली की माझ्या दुकानी येत असे. तू तिला अडवलं नाहीस, एवढं मात्र मी धरून आहे. वॉल्व्ह कसा तपासायचा हे ती माझ्याकडे शिकली. नागपूरहून एमएस्सीचा निकाल तिनं आधी मला कळवला की तुला, हे मी विचारलं नाही.

आता तिला केरळात, रॉकेट सोडतात तिथे, नोकरी मिळते आहे. ओळखीचा माणूस म्हणून फॉर्मवर तिनं माझं नाव दिलं. ते कळल्यावर तू पत्र लिहिलंस. हल्लीच्या आणीबाणीच्या दिवसांत पोलिसांच्या कागदावरचा एक शब्द काय करू शकतो, हे आपल्या दोघांना चांगलं माहीत आहे. काल तिच्या चौकशीला हवालदार येऊन गेला. मुलगी अत्यंत हुशार, वागणूक निर्मळ, असं मी लिहून सही केली. बापाला ओळखता का, असं त्यानं विचारलं. ओळखतो म्हणालो. तेवढंच. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा. तुझ्यासाठी मी हे केलेलं नाही, आणि विसरलोही नाही.

हे पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. महालक्ष्म्यांना कोकिळा आमच्याकडे जेवायला येते आहे. तिनं शारदाला लिहिलंय, 'गुरुजींची नोकरी नेमकी कशानं गेली, बाबा सांगत नाहीत. या खेपेला गुरुजींना विचारणार आहे.' तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तेरा वर्षं मी तुझा जबाब पोटात ठेवला, कारण कोणी विचारलं नव्हतं. तुझ्या हातात अजून पंधरवडा आहे. नागपूरला जा, तिला समोर बसव आणि त्या पानाचं काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. ती रडेल, भांडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. पण माझ्याकडून कळलं, तर ती तुला विचारायलाही येणार नाही.

एके काळी तुझाच असलेला,
भालचंद्र